तडाख्यातून सुटलेले दगड

25 ऑगस्ट 1865 या दिवशी बिहारमधल्या शेरघाटी गावापाशी आभाळातून एक दगड येऊन पडला. शेरघाटी म्हणजे गया जिल्ह्यातले, ग्रँड ट्रंक रस्त्यावरचे गाव. दगड सुमारे पाच किलोचा; वरून काळी साल, आतून करडा, बारीक दाण्यांचा. इंग्रजांच्या कागदांत गावाचे नाव ‘शेरगोटी’ असे लागले आणि दगडालाही तेच चिकटले. त्याचा मोठा भाग आजही कोलकात्यात, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहे. हा दगड आला कुठून, हे नक्की व्हायला जवळजवळ एकशेवीस वर्षे गेली. तो मंगळावरून आला होता. तिथल्या ज्वालामुखीने त्याला उडवले नव्हते. ज्वालामुखीच्या अंगात तेवढा जोर नसतो. एक लघुग्रह मंगळावर येऊन आदळला आणि त्या तडाख्यात हा दगड ग्रह सोडून बाहेर पडला.

ऐकायला हे सरळ वाटते. मोठा दणका बसला की दगड उडणारच. पण जरा आकडे मांडून पाहिले की गोष्ट अवघड होत जाते. मंगळाच्या ओढीतून कायमचे सुटायचे तर सेकंदाला 5 किलोमीटर वेग लागतो. रायफलची गोळी नळीतून बाहेर पडते ती जेमतेम सेकंदाला एक किलोमीटरने. 5 किलोमीटर वेगाने निघालेल्या एक किलोच्या दगडात जी ऊर्जा असते, ती तीन किलो टीएनटीच्या स्फोटाएवढी. तेवढाच बेसॉल्ट वितळवायला याच्या पाचव्या हिश्शापेक्षाही कमी ऊर्जा पुरते. म्हणजे ज्या धक्क्याने दगडाला एवढा वेग मिळाला, त्याच धक्क्याने त्याचे पाणी व्हायला हवे होते, नाहीतर वाफ. शेरघाटीचा दगड मात्र दगडच होता. त्यातले स्फटिक ओळखू येत होते, लाव्हा थंड होताना ते एका दिशेने कसे पडले तेही दिसत होते.

म्हणूनच 1980पर्यंत बऱ्याच जाणत्या शास्त्रज्ञांचे मत असे होते, की ग्रहावरचा दगड आघाताने धडपणे बाहेर पडूच शकत नाही. त्यांचे गणित चुकलेले नव्हते. आघात ज्या ठिकाणी होतो तिथले गणित ते मांडत होते, आणि दगड सुटत होते भलतीकडून.

आधी पुरावा कसा जमला ते पाहू. शेरघाटीच्या दगडाला दोन सोबती होते. 1815मध्ये फ्रान्समध्ये शासिन्यी गावी पडलेला एक, आणि 1911मध्ये इजिप्तमधल्या नखला गावाभोवती पडलेले सुमारे चाळीस तुकडे. (नखल्याला एक दगड कुत्र्याच्या अंगावर पडून ते जागीच गेले, अशी कथा अशनींवरच्या जवळपास प्रत्येक पुस्तकात असते. तिला भरवशाचा पुरावा काही नाही.) या तिन्ही जातींचे दगड इतर अशनींपेक्षा वेगळे पडत होते, आणि सगळ्यांत खटकणारी गोष्ट होती त्यांचे वय. बहुतेक अशनी साडेचारशे कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे सूर्यमालेच्या जन्मकाळचे. नखला आणि शासिन्यी यांचा लाव्हा मात्र सुमारे 130 कोटी वर्षांपूर्वी थिजलेला होता, आणि शेरगोटीचा तर त्याहूनही पुष्कळ अलीकडे. लघुग्रह हे लहान पिंड. ते फार पूर्वीच निवून गार झाले. त्यांच्या पोटात इतक्या अलीकडे लाव्हा तयार होणे शक्य नव्हते. तेव्हा हे दगड कुठल्यातरी मोठ्या, पोटात दीर्घकाळ उष्णता टिकवून धरलेल्या ग्रहाचे असणार. मंगळाचे नाव 1970च्या दशकाच्या अखेरीस घेतले जाऊ लागले, ते जरा दबक्या आवाजातच.

त्यावर एक बिनतोड प्रश्न विचारला जाई. मंगळावरून दगड येतात म्हणता, मग चंद्रावरचे कुठे आहेत? चंद्र जवळ आहे, त्याची ओढ कमी आहे, सेकंदाला 2.4 किलोमीटर वेग मिळाला की दगड तिथून सुटतो. आधी चंद्राचा दाखवा, मग मंगळाचे बोलू. अपोलोच्या अंतराळवीरांनी आणलेले चांद्रखडक प्रयोगशाळांत होते, त्यामुळे चंद्राचा दगड दिसला तर ओळखू येणार होता. पण तो कुणाला सापडलेला नव्हता.

जानेवारी 1982मध्ये अंटार्क्टिकात ॲलन हिल्स भागात बर्फावर एक दगड मिळाला, लिंबाएवढाही नसलेला, 31 ग्रॅमचा. अंटार्क्टिकाच्या निळ्या बर्फावर अशनी शोधणे तेव्हा नुकतेच जोरात सुरू झाले होते. हिमनद्या हजारो वर्षे अशनी पोटात घेऊन वाहतात, डोंगराशी अडतात, वरचे बर्फ वारा खरवडून नेतो आणि दगड तेवढे मागे राहतात. हा छोटा दगड वॉशिंग्टनला पोहोचला तेव्हा स्मिथसोनियन संस्थेतल्या ब्रायन मेसन यांनी त्यातले पांढरे तुकडे पाहून सांगितले, हे चांद्रभूमीवरच्या खडकासारखे आहे. पुढच्या वर्षी ह्यूस्टनच्या परिषदेत एकामागून एक प्रयोगशाळांनी तोच निकाल दिला. हा चंद्राचाच दगड होता, आणि तो वितळलेला नव्हता. विरोधकांचा सर्वांत मोठा मुद्दा एवढ्याशा खड्याने निकालात काढला.

मंगळाची खूणही अंटार्क्टिकातल्याच दुसऱ्या एका दगडात मिळाली. एलिफंट मोरेन भागात 1980च्या सुरुवातीला सापडलेला हा दगड जवळजवळ आठ किलोचा. जात शेरगोटीचीच. त्याच्या आत जागोजागी काळ्या काचेचे थेंब आणि नसा होत्या. आघाताच्या क्षणी खडकातल्या फटी मिटल्या, तिथला थोडा भाग वितळला आणि लगेच थिजला, त्याची ही काच. ह्यूस्टनच्या जॉन्सन स्पेस सेंटरमधले डोनाल्ड बोगार्ड आणि प्रॅट जॉन्सन यांनी ही काच तापवून तिच्यात अडकलेला वायू बाहेर काढला आणि मोजला. 1976मध्ये व्हायकिंग यानांनी मंगळावर उतरून तिथली हवा मोजली होती. आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन यांची प्रमाणे शेजारी ठेवून पाहिली तेव्हा काचेतला वायू आणि मंगळाची हवा जुळत गेली. आर्गॉनचेच पाहा. पृथ्वीच्या हवेत आर्गॉन-40 हा आर्गॉन-36च्या 296 पट असतो. मंगळावर ही पट हजारांत जाते, आणि काचेतही ती हजारांतच निघाली. ज्या तडाख्याने दगड उडवला, त्यानेच मंगळाची चिमूटभर हवा त्यात कोंडली होती. 1983मध्ये हा निष्कर्ष ‘सायन्स’ नियतकालिकात आला. पुढे क्युरिऑसिटी या बग्गीने तिथली हवा अधिक बारकाईने मोजली, तेव्हाही तो टिकला.

आता दगड आले हे नाकारता येत नव्हते. ते आले कसे, ते सांगणे भाग होते. हे काम प्रामुख्याने केले जे मेलॉश या अमेरिकी भूभौतिकशास्त्रज्ञाने, 1984च्या एका शोधनिबंधात. मला स्वतःला या सगळ्या कथेत सर्वांत आवडणारा भाग हाच. त्यासाठी ना नवे यान लागले, ना नवे यंत्र. आघाततरंग जमिनीच्या पृष्ठभागापाशी पोहोचला की काय होते, एवढाच प्रश्न त्यांनी नीट विचारला.

समजा दीडशे मीटर व्यासाचा लघुग्रह सेकंदाला 10 किलोमीटर वेगाने मंगळावर आदळला. स्वतःच्या व्यासाएवढे अंतर कापायला त्याला सेकंदाचा साठावा-सत्तरावा भाग लागतो. तेवढ्यात त्याच्या आणि जमिनीच्या सांध्यापाशी दाब हवेच्या दाबाच्या दहा लाख पटीपर्यंत जातो. तिथला खडक वितळतो, काही वाफ होऊन जातो. हा दाब तिथेच थांबत नाही. आघाततरंग होऊन तो खडकातून सगळीकडे पसरतो, खाली आणि बाजूलाही. बाजूला निघालेला तरंग लवकरच वरच्या पृष्ठभागाशी येतो. आणि पृष्ठभागावर दाब टिकूच शकत नाही. खोल खडकावर चोहोबाजूंनी खडक रेटत असतो, म्हणून तिथे दाब साठतो. वरच्या थरावर वर काहीच नाही, मंगळाची विरळ हवा तर नसल्यासारखीच. दाब यायला लागला की वरचा थर मोकळा सरकतो. तरंग पृष्ठभागावरून उलटून परत खाली जातो, तो आता दाबाचा नव्हे, ओढीचा तरंग होऊन. वर येणारा दाब आणि खाली जाणारी ओढ एकमेकांना बव्हंशी खाऊन टाकतात. दाब असा जवळजवळ नाहीसा होतो, पण त्या दोन्ही तरंगांनी खडकाला दिलेला वेग मात्र एकाच दिशेला असतो, त्याची बेरीज होते. खडक दाबाला कणखर पण ओढीला कच्चा. वरचा पातळ थर खालच्या खडकापासून तुटतो आणि कपच्यांच्या रूपात निघून जातो, खोल खडकाला मिळालेल्या वेगाच्या जवळजवळ दुप्पट वेगाने.

कॅरमवर चार-पाच सोंगट्या एकमेकींना चिकटवून रांगेत ठेवा आणि एका टोकाला स्ट्रायकर मारा. मधल्या सोंगट्या जागच्या फारशा हलत नाहीत, शेवटची मात्र सुटते. धक्का सगळ्यांमधून गेला. पण मधल्या प्रत्येकीपुढे दुसरी होती आणि शेवटचीपुढे कुणीच नव्हते.

मेलॉश यांचे म्हणणे असे, की ग्रह सोडून जाणारे दगड ही शेवटची सोंगटी. आघाताच्या बरोबर खालचे दगड त्यात नसतात, ते वितळून-विरून गेलेले. लांबचेही नसतात, तिथवर तरंग क्षीण होतो. आघातबिंदूभोवती एक अरुंद कडे असते, त्यातला अगदी वरचा थर एवढाच सुटतो. अरुंद कडे, त्यातही पातळ थर, म्हणजे एकूण उडालेल्या मालाचा अगदी थोडा अंश. पण एवढ्यानेही काम भागते. 2002मध्ये जेम्स हेड, मेलॉश आणि बोरिस इवानोव यांनी संगणकावर मंगळावरचे आघात घडवून पाहिले. ताज्या, कठीण लाव्हाच्या मैदानावर 3 किलोमीटर व्यासाचे विवर पडले, तरी त्यातून दहाएक सेंटिमीटरचे सुमारे एक कोटी तुकडे मंगळाबाहेर जातात, असे त्यांना आढळले. आधीचे अंदाज याच्या निदान चौपट मोठे विवर मागत होते.

हे सगळे किती झटपट होते तेही पाहायला हवे. दगडाला शून्यापासून 5 किलोमीटरचा वेग सुमारे अर्ध्या सहस्रांश सेकंदात मिळतो. पृथ्वीच्या गुरुत्वाच्या लाखो पट प्रवेग. मोठे विवर खणले जायला यानंतर कितीतरी सेकंद लागतात. आपल्या डोळ्यांपुढे आघाताचे जे चित्र असते, की खड्डा फाकत चालला आहे आणि माती-दगडांचा पडदा चोहीकडे उसळतो आहे, ते नंतरचे. बाहेर जाणारे दगड तोवर निघून गेलेले असतात.

त्या उसळलेल्या पडद्याचे काय होते, ते पाहायला मंगळावर जायची गरज नाही. बुलढाणा जिल्ह्यात लोणार आहे. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे हे विवर दख्खनच्या बेसॉल्टमध्ये पडलेले, आणि बेसॉल्टमधली विवरे पृथ्वीवर मोजकीच. मंगळाचा पृष्ठभागही बराचसा बेसॉल्टचा, म्हणून मंगळाचे अभ्यासक लोणारला येत असतात. विवराची कड भोवतालच्या जमिनीपासून वीस-तीस मीटर उंचावलेली आहे, तिथे बेसॉल्टचे थर बाहेरच्या बाजूला कललेले, काही ठिकाणी चक्क उलटे झालेले दिसतात. कडेच्या बाहेर किलोमीटरभर आणि थोडे जास्तच, विवरातून उडालेला माल पसरलेला आहे. उडाला आणि जवळच पडला. सगळ्याच विवरांत बहुतेक माल असाच हळू उडतो. लोणारचे वय किती यावर एकमत नाही. जुना अंदाज पन्नास हजार वर्षांचा, आर्गॉनवरून 2011मध्ये काढलेला सुमारे 5,70,000 वर्षांचा.

लोणार आणि शेरघाटी यांना जोडणारी एक वस्तू आहे, ती सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते. दगडाचा काप घासून घासून 0.03 मिलिमीटर जाड करतात, इतका की त्यातून प्रकाश आरपार जावा. मग तो ध्रुवित प्रकाशात, दोन आडव्या-उभ्या गाळण्यांमध्ये ठेवतात आणि खालची तबकडी फिरवतात. पायरॉक्सीन या खनिजाचे दाणे पिवळे, निळे, तांबडे होत उजळतात आणि विझतात. फेल्डस्पार असेल तर तोही करडा-पांढरा उजळायला हवा. शेरगोटीच्या कापात फेल्डस्पारच्या जागा काळ्याच राहतात. तबकडी कितीही फिरवा, उजळत नाहीत. गाळणी काढली की दाण्याचा आकार साफ दिसतो: कडा सरळ, कोन जिथल्या तिथे, लांबट पट्टीसारखा फेल्डस्पारचाच आकार. रूप स्फटिकाचे आणि आत काच. गुस्ताव चेरमाक या व्हिएन्नाच्या खनिजशास्त्रज्ञाने 1872मध्ये शेरगोटीच्या दगडात हे पाहिले आणि ब्रिटिश म्युझियममधल्या नेव्हिल स्टोरी-मॅस्कलिन यांच्या नावावरून त्याला मॅस्केलिनाइट म्हटले. ते कशाने झाले हे त्या काळी सांगता येण्यासारखे नव्हते. फेल्डस्पार वितळून थिजला असता तर आकार मोडला असता. तो वितळलाच नाही. हवेच्या सुमारे तीन लाख पट दाबाच्या एका क्षणात त्याच्या अणूंची रचना विसकटली आणि पुन्हा जुळायला वेळ मिळाला नाही. ही खूण आघाताशिवाय होत नाही. 1973मध्ये लोणारच्या विवरात खोलवर भोके पाडून काढलेल्या खडकांत हेच मॅस्केलिनाइट दाखवले गेले आणि लोणार हे ज्वालामुखीचे तोंड नसून आघाताचे विवर आहे, हे पक्के झाले.

तरीही लोणारचा एकही दगड पृथ्वीबाहेर गेलेला नसणार. तोच आघात मंगळावर झाला असता तरी 3 किलोमीटरच्या हिशेबाने विवर लहानच पडले असते. पृथ्वीवर तर मुक्तिवेग सेकंदाला 11.2 किलोमीटर, आणि वर हवेचे ओझे: दर चौरस मीटरवर दहा टन. फूटभर लांबीचा दगड एवढ्या हवेतून त्या वेगाने पार होऊ शकत नाही. आघात महाकाय असेल तरच गोष्ट वेगळी. 6.6 कोटी वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावर जो आदळला तो लघुग्रह साधारण दहा किलोमीटरचा होता. त्याचे खालचे टोक जमिनीला टेकले, तेव्हा वरचे टोक आजची प्रवासी विमाने उडतात त्या उंचीवर होते. असा पिंड वाटेतली हवा बाजूला सारून भोक पाडतो आणि आघाताची वाफ उरलेली हवा वर ढकलते. त्या वाटेने पृथ्वीचे दगड बाहेर गेले असावेत. अपोलो-14ने 1971मध्ये चंद्रावरून आणलेल्या नऊ किलोच्या ‘बिग बर्था’ या दगडात चारशे कोटी वर्षांपूर्वीचा एक तुकडा आहे. तो पृथ्वीवर घडलेला असावा, असा दावा 2019मध्ये काही संशोधकांनी केला. तो सर्वांना मान्य नाही. शुक्राचा एकही दगड आजवर ओळखला गेलेला नाही, आणि तिथली हवा पृथ्वीच्या नव्वद पट दाबाची आहे हे लक्षात घेता, तो मिळण्याची मला फारशी आशा वाटत नाही.

मंगळावरून सुटलेला दगड तडक पृथ्वीकडे निघत नाही. तो सूर्याभोवती, मंगळाच्याच कक्षेच्या आसपास फिरत राहतो. मंगळ अधूनमधून जवळून जातो, गुरूची ओढ लांबून काम करत राहते, कक्षा हळूहळू लांबट होते. बरेचसे शेवटी सूर्यात पडतात, काही मंगळावरच परततात, थोडे पृथ्वीच्या वाटेत येतात. किती वेळ फिरले हे दगडच सांगतो. अवकाशात विश्वकिरणांचा मारा चालू असतो, त्याने दगडात निऑन-21सारखी समस्थानिके साठत जातात. त्यांवरून काळ काढता येतो. एलिफंट मोरेनचा दगड सात लाख वर्षांच्या आसपास फिरत होता, शेरगोटीचा तीस लाखांच्या आसपास, नखला आणि शासिन्यी दोघेही सुमारे 1.1 कोटी. हे दोघे एकाच तडाख्यात उडाले असणार. एक 1815मध्ये फ्रान्सात पडला, दुसरा 1911मध्ये इजिप्तमध्ये.

या प्रवासात काही जिवंत टिकेल का, हा प्रश्न ओघाने येतोच. ॲलन हिल्समध्येच 1984साली सापडलेल्या दुसऱ्या एका दगडात मंगळावरच्या सूक्ष्मजीवांच्या खुणा असल्याचे 1996मध्ये नासाच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केले, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्यावर भाषण केले. त्या खुणांना निर्जीव कारणे पुरतात, असेच आता बहुतेक जण मानतात. त्या गदारोळात मागे पडलेली एक गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. 2000मध्ये याच दगडाची चुंबकीय तपासणी झाली, तेव्हा मंगळ सोडल्यापासून त्याचा आतला भाग 40 अंश सेल्सिअसच्या वर तापलाच नव्हता असे निघाले. सुटतानाही नाही आणि पृथ्वीच्या हवेतून पेटत खाली येतानाही नाही. त्यात जळते ती फक्त साल. जर्मनीतल्या प्रयोगांत जिवाणूंचे बीजाणू आणि दगडफुले मंगळासारख्या खडकात ठेवून हवेच्या चार लाख पटीपर्यंतच्या दाबाचे तडाखे दिले, तेव्हा काही तगली. म्हणजे वाट बंद नाही. त्या वाटेने कोणी आले-गेले का, याचा पुरावा मात्र काही नाही.

अलीकडे उलटा शोध सुरू झाला आहे: दगड हातात आहे, तो सुटला ते विवर कोणते? मोरोक्कोतून 2011मध्ये आलेला ‘ब्लॅक ब्यूटी’ हा 320 ग्रॅमचा दगड; त्यात साडेचारशे कोटी वर्षांच्या घरातले झिरकॉनचे कण आहेत. ऑस्ट्रेलियातल्या एका गटाने संगणकाला मंगळाच्या छायाचित्रांतली बारीक बारीक विवरे ओळखायला शिकवले, त्याने ती कोट्यवधींनी मोजली. त्यांवरून कोणते मोठे विवर ताजे आहे ते ठरवत 2022मध्ये त्यांनी दहा किलोमीटर व्यासाच्या एका विवरावर बोट ठेवले आणि ऑस्ट्रेलियातल्या शहराचे कराथा हे नाव त्याला दिले. चंद्राच्या बाबतीतही असेच. पृथ्वीच्या सोबतीने सूर्याभोवती फिरणारा कामोओआलेवा हा चिमुकला पिंड चंद्राचा तुकडा असावा, असे 2021मध्ये त्याच्या प्रकाशावरून मांडले गेले. 2024मध्ये चंद्राच्या पलीकडच्या बाजूचे 22 किलोमीटरचे जोर्दानो ब्रूनो विवर त्याचे उगमस्थान म्हणून सुचवले गेले. त्याचा नमुना आणायला चीनचे तियानवेन-2 हे यान मे 2025मध्ये निघाले आहे.

मंगळाचे म्हणून ओळखलेले अशनी आज सुमारे चारशे आहेत. त्यांचा बाजारही मोठा आहे. नायजरच्या वाळवंटात 2023मध्ये सापडलेला 24 किलोंचा दगड जुलै 2025मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे 53 लाख डॉलरना गेला. पण शास्त्राच्या दृष्टीने या संग्रहात एक मोठी खोट आहे. मंगळाची निम्म्याहून अधिक जमीन साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वीची किंवा त्याआधीची, आणि हे दगड, दोन-चार सोडले तर, 140 कोटी वर्षांच्या आतले. शिवाय जवळजवळ सगळे लाव्हाचे. कारण मेलॉश यांच्या गणितातच आहे. जुन्या जमिनीवर आघातांच्या चुऱ्याचा जाड थर साचलेला असतो. भुसभुशीत थरात आघाततरंगाची धार जाते, कपच्या सुटत नाहीत. ताजा, कठीण लाव्हा असेल तिथूनच दगड सहज निघतात. गाळाचा मऊ खडक तर तडाख्यात पीठ होऊन जातो. क्युरिऑसिटीला गेल विवरात जुन्या तळ्याचा चिखल थिजून झालेला खडक मिळाला. तसा एकही तुकडा या चारशेंत नाही. आपण चार दशकांहून अधिक काळ मंगळाचे म्हणून जे तपासत आलो, ते आघाताने निवडून दिलेले आहे.

ओमानमध्ये 1999मध्ये सापडलेल्या एका मंगळी अशनीचा काप पर्सिव्हरन्स बग्गीबरोबर परत मंगळावर गेला आहे. तिच्या उपकरणाची खातरजमा करायला ओळखीचा दगड हवा होता, तो लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने दिला. एका आघाताने तो आला होता, रॉकेटने गेला. फेब्रुवारी 2021मध्ये ही बग्गी जझेरो विवरात उतरली, तिथे एका जुन्या नदीने तळ्याच्या तोंडाशी गाळ आणून टाकला होता. त्या गाळाच्या खडकांचे नमुने तिने कापून धातूच्या नळ्यांत बंद केले आहेत. कुठलाही आघात आपल्याला देऊ शकणार नाही असा हा दगड आहे, आणि त्या नळ्या अजून मंगळावरच आहेत.